इंजिनचा फाउंडेशन बोल्ट पडलाय? योग्य बोल्ट कसा ओळखायचा आणि कसा बसवायचा

गाडी एका ठरावीक स्पीडला गेली की फूटरेस्टवर पायाला मुंग्या येतात, टाकी थरथरते, आरशात मागचं काही नीट दिसत नाही. आपण म्हणतो, "गाडी जुनी झाली." पण एकदा मोबाईलची टॉर्च लावून इंजिन आणि फ्रेम जिथे जोडलेले असतात तिथे बघा. कदाचित एखादं भोक रिकामं दिसेल.

मी कागलचा. रोज गाडीवरून पंचतारांकित एमआयडीसीत ये-जा करतो. माझ्या १०० सीसी गाडीचं इंजिन एका गॅरेजमध्ये कामासाठी उतरवलं होतं. त्यानंतर काही दिवसांनी पुढच्या ब्रॅकेटच्या दोन बोल्टपैकी एक गायब झालेला दिसला. नवा बोल्ट शोधताना जे समजलं, ते या लेखात सांगतो.

फाउंडेशन बोल्ट म्हणजे काय?

इंजिनला फ्रेमशी जखडून ठेवणारा बोल्ट म्हणजे इंजिन माउंटिंग बोल्ट. गॅरेजमध्ये आणि स्पेअर पार्टच्या दुकानात याला फाउंडेशन बोल्ट म्हणतात. साध्या गाड्यांमध्ये पुढे एक ब्रॅकेट आणि मागे लांब बोल्ट अशी रचना असते. काही गाड्यांमध्ये वर, हेडपाशीही एक बोल्ट असतो.

डायमंड फ्रेमच्या गाडीत इंजिनच्या खालून फ्रेमचा पाईप जात नाही. तिथे इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग म्हणून भार घेतं. त्यामुळे बोल्ट नसला की त्याचा भार उरलेल्या बोल्टवर जातो, भोकं लांबट होतात, ब्रॅकेटला चीर जाते, बेंड पाईपही तडकू शकतो. म्हणून नवा बोल्ट बसेपर्यंत गाडी चालवू नका, हायवेला तर नाहीच.

खरी गोम: भोकात गेला म्हणजे बसला असं नाही

हार्डवेअरच्या दुकानात "१० चा बोल्ट द्या" म्हटलं की लगेच मिळतो. पण बोल्टची जाडी सारखी असली तरी आट्यांमधलं अंतर वेगळं असू शकतं. या अंतराला पिच म्हणतात.

• १० एमएम बोल्ट: जपानी पद्धतीच्या बहुतेक गाड्यांमध्ये पिच १.२५ एमएम असतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या बोल्टचा १.५ एमएम. असा बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. पाना लावून जोर केला की आटे गेलेच.
• ८ एमएम बोल्ट: इथे दोन्हीकडे पिच साधारण १.२५ असतो, त्यामुळे बोल्ट छान बसतो. पण इथे प्रश्न ताकदीचा असतो.

पटकन ओळखायची एक खूण आहे. गाडीच्या १० एमएम बोल्टला बहुधा १४ चा पाना लागतो, हार्डवेअरवाल्याला १६ किंवा १७ चा.

डोक्यावरचे आकडे वाचा

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. ही त्याची ग्रेड. ८.८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत ताण आला तरी बोल्ट कायमचा ताणला जात नाही. ४.६ ग्रेडमध्ये हेच आकडे ४०० आणि २४० आहेत. डोक्यावर काहीच नसेल तर तो बोल्ट इंजिनला लावू नका. चमकतो म्हणून स्टेनलेसचाही नको. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो.

मोबाईलवरून माप कसं घ्यायचं?

१. त्याच ब्रॅकेटचा शिल्लक बोल्ट नमुना म्हणून काढा. त्याआधी इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून आधार द्या.
२. बोल्टशेजारी स्टीलची पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा.
३. झूम करून १० आट्यांचं अंतर मोजा. १२.५ एमएम भरलं तर पिच १.२५, १५ एमएम भरलं तर १.५.
४. लांबी डोक्याच्या खालून मोजा. आटे नसलेला गुळगुळीत भाग किती आहे तेही बघा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून कंपनीचा ओरिजिनल बोल्ट घेणं. कागलमध्ये मिळाला नाही तर कोल्हापूर फार लांब नाही.

बसवायची पद्धत

१. इंजिन गार असताना गाडी मेन स्टँडवर घ्या. ठोकळ्याचा आधार तसाच राहू द्या.
२. बाकीचे माउंटिंग बोल्ट काढू नका, फक्त अर्धा-एक फेरा सैल करा.
३. भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून भोकं समोरासमोर आणा. हातोडीने बोल्ट ठोकू नका.
४. पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरवा. अडकला तर उलटा काढा आणि आटे पुसून पुन्हा लावा.
५. नायलॉनचा नट असेल तर नवाच घ्या.
६. सगळे बोल्ट लागल्यावर आळीपाळीने आवळा. ८ एमएमला साधारण २० ते ३० आणि १० एमएमला ३५ ते ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो; शेवटचा शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. टॉर्क पाना नसेल तर हे शेवटचं काम मेस्त्रीकडून करून घ्या.
७. बोल्ट आणि ब्रॅकेटवर मिळून व्हाइटनरची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय हे लगेच कळेल.

काम झालं की गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून ब्रॅकेटचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. इंजिन आणि फ्रेम एकत्र थरथरले पाहिजेत. दोघांमध्ये फट उघडझाप करत असेल तर काहीतरी सैल आहे.

नेहमीचे प्रश्न

आटे गेले असतील तर?
इंजिनच्या केसिंगमधले आटे गेले तर हेलिकॉइल बसवून नवे आटे पाडता येतात. लेथवाल्याकडे किंवा चांगल्या मेस्त्रीकडे हे काम होतं. बोल्ट वेल्डिंगने चिकटवू नका, पुढच्या वेळी इंजिन उतरवता येणार नाही.

थरथरीने फोनलाही धोका असतो का?
हो. हँडलवर आयफोन लावला तर मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. ओआयएस असलेल्या इतर फोनचीही तशीच काळजी घ्या.

पुन्हा कधी तपासायचं?
पहिल्या १०० किलोमीटरनंतर एकदा, आणि मग दर सर्व्हिसिंगला. इंजिन उतरवायचं काम झालं असेल तर गॅरेजमधून निघण्याआधीच टॉर्च लावून सगळे बोल्ट मोजून घ्या.