दारूचा बाण, दिशेचा बाण

अठराव्या शतकातल्या लढायांच्या वर्णनांत तोफा आणि जेजाल नावाच्या जड बंदुकांच्या जोडीने 'बाण' येतात, ते धनुष्याचे नव्हेत. लांब बांबूला बांधलेली, दारू ठासलेली नळी म्हणजे बाण. संस्कृत शब्द तोच, पण ढकलणारी दोरी गेली. वस्तू स्वतःच्याच धुराच्या जोरावर धावू लागली. अवकाशयानाची मान वळवणाऱ्या छोट्या रॉकेटांना मराठी नाव द्यायचे तर ते इथूनच उचलावे, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, दिशा देतो तो सुकाणू. अरबी 'सुक्कान'वरून आलेला हा शब्द गोड खराच, पण सुकाणू पाण्याला रेटा देतो. अवकाशात रेटायला काहीच नाही. तिथे आपलाच वायू मागे फेकावा लागतो, आणि हे बाणाचे काम. मंगळयानावर ४४० न्यूटनच्या मुख्य इंजिनाखेरीज २२ न्यूटनचे असे आठ होते. २२ न्यूटन म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोचे वजन! तरी २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना मुख्य इंजिनाबरोबर तेही पेटवले गेले. मग 'अग्निबाण' का नको? कारण काही यानांत नुसता दाबलेला थंड वायू सोडतात, ज्योत नसतेच. अग्नी गाळून 'दिशाबाण' म्हणावे. फौजेतल्या बाणाला दिशा बांबू देई, तोही वाऱ्यात भरकटे; इथे बाणच दिशा देतो, एवढा उलटा अर्थ शब्दाला सहज पेलेल.