मिठू रुसला होता

गेल्या रविवारी नातीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिने बजरीगर पाळलाय, पोपटाच्याच कुळातला चिमणीएवढा पक्षी. म्हणाली, "आजोबा, आज मिठूला डॉक्टरकडे नेलं होतं. वजन केलं, शी तपासायला घेतली." मला हसूच आलं. म्हटलं, अगं, पोपटाची शी कसली तपासायची? मग तिने बिलाचा आकडा सांगितला आणि माझं हसू थांबलं!

डॉक्टरांनी दिलेलं माहितीपत्रक तिने पाठवलं. त्यात एक शब्द होता, सिटॅकोसिस. ग्रीक भाषेतल्या पोपटाच्या नावावरून आलेला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे शब्द दिसला की खणत बसायची खोड काही जात नाही. चार दिवस त्यातच गेले.

१८७९ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी रिटर नावाच्या डॉक्टरांनी एक विचित्र न्यूमोनिया नोंदवला. सात जण आजारी, त्यातले तीन दगावले. संशय घरातल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर. पुढे १८९२ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी ब्युनॉस आयरेसहून पॅरिसला पाचशे पोपट जहाजाने आणले. निम्म्याहून अधिक वाटेतच मेले. उरलेले विकले गेले आणि पॅरिसमध्ये माणसं मरू लागली. ते जहाज लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

खरा हाहाकार उडाला तो १९२९-३० च्या हिवाळ्यात. अमेरिकेत ॲनापोलिसला एका गृहस्थांनी नाताळची भेट म्हणून बायकोसाठी पोपट आणला. नाताळ उजाडायच्या आतच तो मेला. मग बायको, मुलगी आणि जावई, तिघेही तापाने अंथरुणाला खिळले. डॉक्टरांना निदान होईना. त्यांच्या पत्नीने अर्जेंटिनातल्या 'पोपट-तापा'विषयी वर्तमानपत्रात वाचलं होतं, तिने नवऱ्याला सुचवलं. (बायका वर्तमानपत्र वाचतात ते असं उपयोगी पडतं!) ते तिघेही वाचले. पण मे महिन्यापर्यंत अमेरिकेत १६९ जणांना लागण झाली आणि ३३ मेले.

लोक इतके घाबरले की कुणी पोपटांच्या माना मुरगळल्या, कुणी त्यांना थंडीत रस्त्यावर सोडून दिलं. २४ जानेवारी १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली.

वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी संशोधन हाती घेतलं. आजारी पोपट तळघरातल्या खोलीत ठेवले होते. त्यांचा सहायक तापाने गेला. आर्मस्ट्राँग स्वतः मरता मरता वाचले. हळूहळू इमारतीतली अकरा माणसं आजारी पडली, त्यात काही तर पोपटांच्या जवळपासही गेलेली नव्हती. शेवटी संचालक मॅकॉय एकटेच क्लोरोफॉर्म घेऊन तळघरात उतरले आणि तिथला प्रत्येक पक्षी त्यांनी मारला. मग इमारत बंद करून विषारी धुरी दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या प्रयोगशाळेचं नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ झालं.

मला सर्वांत आवडले ते कॅलिफोर्नियाचे कार्ल मेयर. शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर. मंदीच्या दिवसांत तिथले लोक परसात बजरीगर वाढवून चार पैसे मिळवत. मेयर यांनी ते पक्षी तपासले. निघालं असं, की पिल्लांना जंतू घरट्यातच लागतात, पण ती वरून ठणठणीत दिसतात. कोंदट पेटी, गर्दी, उपासमार, प्रवासाची दगदग झाली की जंतू उसळतात, विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती वाळली की तिची धूळ माणसाच्या छातीत जाते. आता ते १८९२ चं जहाज आठवा. पोपटांना आपणच कोंबलं होतं हो.

आज याला औषध आहे. पक्ष्याला पंचेचाळीस दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. पण ती विष्ठेची तपासणी सुरू व्हायला माणसं मरावी लागली. पोपट तर त्याआधीपासून मरतच होते.

आमच्या घरी, १९६० च्या सुमारास, पोपट होता. रानातला. आज तसा पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि ते बरंच झालं, तेव्हा मात्र घरोघरी असत. आजी त्याला दूधपोळी आणि हिरवी मिरची घाली, त्यापलीकडे त्याचा आहार काय असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका थंडीत तो पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसून राहिला. आम्ही पोरं म्हणायचो, मिठू रुसलाय. पाचव्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. माहितीपत्रकात लिहिलंय की पोपट आपला आजार लपवतो, पिसं फुगवून बसला तर तासाभराचाही उशीर करू नये. आम्ही त्याला पाच दिवस मिरच्या दाखवून मनवत होतो.

पिंजरा झाडायचं काम आत्याकडे होतं. त्याच महिन्यात तिला न्यूमोनिया झाला, वाचली बिचारी. दोन्हींचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण तेव्हा तसं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

काल पुन्हा फोन झाला. या वेळी मीच आधी विचारलं, मिठूचं वजन किती? म्हणाली, चौतीस ग्रॅम, गेल्या आठवड्याइतकंच.