तुलनेचे स्थान : एका इंग्रजी पदबंधाचा मराठीतील इतिहास

इंग्रजी गद्य वाचताना 'बेटर नोन फॉर', 'बेटर सूटेड टू', 'मोअर डीपली रूटेड इन' असे तीन घटकांचे पदबंध पावलोपावली भेटतात. पहिला घटक तुलनावाचक क्रियाविशेषण, दुसरा भूतकालवाचक धातुसाधित आणि तिसरा नामाशी संबंध जोडणारे अव्यय. विद्यार्थी यांचे मराठी करावयास बसला म्हणजे 'अमुक गोष्टीसाठी अधिक चांगला ओळखला गेलेला' असे काहीतरी लिहून मोकळा होतो. प्रत्येक इंग्रजी शब्दाला त्याने प्रतिशब्द दिलेला असतो, तरीही वाक्य मराठी झालेले नसते. असे का व्हावे, हे पाहण्यासाठी दोन्ही भाषांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. प्राचीन इंग्रजीत 'वेल' या क्रियाविशेषणाचे तुलनावाचक रूप 'बेट' असे होते. 'बेटर' हे रूप मूळचे विशेषणाचे. पुढे 'बेट' मागे पडले आणि 'बेटर' हेच दोन्हीकडे वापरले जाऊ लागले. 'नोन', 'रूटेड' यांसारख्या धातुसाधितांना 'अर' हा तुलनेचा प्रत्यय सहसा लागत नाही. म्हणून तुलना दाखवावयाची तर ती मागील क्रियाविशेषणावर सोपवावी लागते. ज्याचे क्रियाविशेषण 'वेल', त्याला 'बेटर' मिळाले; इतरांना 'मोअर'चा आश्रय घ्यावा लागला. तिसऱ्या घटकाची निवड धातुसाधिताच्या अर्थावर ठरते. 'नोन टू' म्हणजे कोणाला ठाऊक, 'नोन फॉर' म्हणजे कशामुळे प्रसिद्ध, 'नोन बाय' म्हणजे कशावरून ओळखलेला. कर्मणी रचनेतील कर्ता दाखविण्यासाठी पूर्वी 'ऑफ' वापरीत. त्याची जागा 'बाय'ने घेतली, तीही हळूहळू.

या तिन्ही घटकांवर अठराव्या शतकातील इंग्रज वैयाकरणांनी काथ्याकूट केला आहे. रॉबर्ट लौथ याने 1762 साली प्रसिद्ध केलेल्या छोटेखानी व्याकरणात दुहेरी तुलनारूपे अशुद्ध ठरविली. शेक्सपिअरच्या नाटकांत अशी रूपे सहज येतात, परंतु लौथच्या काळापर्यंत भाषेला शिस्त लावण्याची हौस बळावली होती. भूतकाळाचे रूप धातुसाधिताच्या जागी घालण्याच्या प्रघातावर त्याने टीका केली. संबंधदर्शक अव्यय वाक्याच्या शेवटी ठेवण्याकडे भाषेचा कल आहे हे मान्य करूनही, गंभीर लेखनात ते नामाच्या आधी ठेवणे त्याला अधिक शोभिवंत वाटले. पुढे 1795 साली लिंडले मरे याचे व्याकरण निघाले आणि असे नियम शाळाशाळांतून पोहोचले. इंग्रजी सत्ता या देशात स्थिरावत होती ती नेमकी याच काळात.

आता आपल्या परंपरेकडे वळू. पाणिनीने तुलनेची दोन साधने सांगितली आहेत. एक, शब्दालाच लागणारे 'तर' आणि 'ईयस्' हे प्रत्यय. दुसरे, ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामाची पंचमी. संस्कृतात ही दोन्ही एकत्र नांदत होती. मराठीने पहिले साधन जवळजवळ टाकून दिले. 'प्रियतम', 'लघुतर' हे शब्द आपण वापरतो, पण ते तत्सम म्हणून; मराठी विशेषणाला 'तर' लावून कोणी 'मोठातर' म्हणत नाही. दुसरे साधन मात्र मराठीने जिवापाड जपले. ज्ञानेश्वरीत '-हूनि' आहे. आजही शाळेत पंचमीचे प्रत्यय म्हणून 'ऊन, हून' हेच शिकविले जातात. पुढे संस्कृत 'अपेक्षा' शब्दापासून 'पेक्षा' आले आणि तेही नामालाच चिकटले. विशेषण मात्र जसेच्या तसे राहिले : डोंगर मोठा, डोंगर टेकडीपेक्षा मोठा.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, इंग्रजीत तुलना गुण सांगणाऱ्या शब्दावर वसते, तर मराठीत ती मुख्यतः तुलनेच्या मापाला लागलेल्या प्रत्ययावर वा अव्ययावर वसते. इंग्रजी वाक्यातून माप गळाले तरी 'बेटर' हा शब्द तुलना सांगत राहतो. मराठीतून 'पेक्षा' गळाले, की 'अधिक' हा शब्द आधारावाचून लोंबकळतो.

एक उदाहरण घेऊ. लोकमान्य टिळक राजकारणासाठी 'बेटर नोन' आहेत, असे एखादा इंग्रज लेखक लिहील. याचा एक अर्थ, 'ओरायन' या 1893 च्या ग्रंथापेक्षा राजकारणामुळे त्यांची ओळख अधिक झाली. दुसरा अर्थ, त्यांच्या काळच्या इतर पुढाऱ्यांपेक्षा ते राजकारणात अधिक प्रसिद्ध होते. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवून गप्प बसू शकते. मराठी भाषांतरकाराला तशी सोय नाही. कशापेक्षा, की कोणापेक्षा, हे त्याला आधी ठरवावे लागते आणि मगच लेखणी उचलावी लागते. माप सापडले की 'फॉर'चे 'मुळे' की 'साठी' हेही सहज ठरते, आणि 'ओळखला गेलेला' असल्या अवजड धातुसाधिताची गरजही बहुधा उरत नाही.

मग 'अधिक चांगला ओळखला गेलेला' ही रचना आली कोठून? तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील शिक्षणात शोधावे लागते. गोव्यात 1579 साली आलेला थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. पण 1616 साली मुद्रित झालेले आपले पुराण त्याने मराठी ओवीत लिहिले. तेथे इंग्रज मनुष्य मराठीच्या घरी आला होता. दोन शतकांनंतर ही दिशा उलटली. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण रचले. यास्काने पदांच्या चार जाती मानल्या होत्या. आपली मुले नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आठ जाती शिकू लागली. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला. या कामांचे ऋण थोर आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते उगीच नव्हे. परंतु पदांच्या जाती जुळल्या म्हणजे रचनाही जुळली, असा समज या शिकवणीतून नकळत रुजला. कोश शब्दाला शब्द देतो. तीन शब्द मिळून जो अर्थ होतो, तो कोशातील नोंदींच्या फटीत हरवतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तील निबंधांतून दादोबांच्या मतांची चिकित्सा केली, तेव्हा मराठीला तिच्या स्वभावाने तपासावे हा विचार पुढे आला. तो विचार वर्गात मात्र पुरता उतरला नाही.

प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचा उलगडा ग्रंथांपेक्षा दिग्गीच्या मुलांमुळे अधिक झाला. दिग्गी हे जोयडा तालुक्यातील, गोव्याच्या सीमेलगतचे गाव. हा मुलूख 1862 साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 साली म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. येथील मुलाच्या कानावर कोकणी, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषा पडतात. कोकणीत ते 'ताचेपरस व्हड' म्हणते, कन्नडमध्ये 'अवनिगिंत दोड्डवनु' म्हणते, आणि मराठीत 'त्याच्यापेक्षा मोठा' म्हणते. तिन्ही ठिकाणी माप आधी येते, त्याला प्रत्यय वा अव्यय लागते आणि गुणवाचक शब्द स्वस्थ राहतो. कन्नडचे कुळ वेगळे, तरीही रीत तीच. तेव्हा या मुलांना इंग्रजीतील तुलना शिकविताना 'अधिक' या शब्दापासून आरंभ न करता 'कशापेक्षा?' या प्रश्नापासून करावा, असा अनुभव आहे. मुले आधी माप शोधतात; मग वाक्य आपोआप मराठी वळण घेते.

हा प्रश्न केवळ भाषांतराच्या वहीपुरता असता, तर एवढा विस्तार केला नसता. अलीकडे जाहिरातींत, पत्रकांत आणि भाषणांत 'अधिक चांगल्या सुविधा', 'अधिक सुधारित सेवा' अशा मापावाचूनच्या तुलना सर्रास आढळतात. इंग्रजीची ही लकब मराठीत शिरली आहे. जंगलातील आमच्या गावांना कोणी 'अधिक चांगला रस्ता' देऊ केला, तर तो कशापेक्षा चांगला? गेल्या पावसाळ्यातील चिखलापेक्षा, की तालुक्याच्या गावाजवळच्या रस्त्यापेक्षा? 'पेक्षा' असलेल्या आश्वासनाचा हिशेब मागता येतो. नुसत्या 'अधिक'चा कोणापाशी मागावयाचा? आपल्या भाषेने शतकानुशतके माप आधी ठेवण्याची सवय जपली आहे. इंग्रजी आपण अवश्य शिकावी आणि उत्तम शिकावी. परंतु ती शिकताना ही सवय हातची गमावू नये.