दिव्याच्या शिवेवरील मतदार
(बहुसदस्य मतदारसंघांविषयीं एक टिपण)

सनदा, महजर, वतनपत्रें यांस इतिहाससंशोधनांत जें स्थान आहे, तें मतदारयाद्या, प्रभागांचे नकाशे व मतपत्रिका यांस अद्याप मिळालेलें नाहीं. गांवकीच्या कारभारांत कोणाचा शब्द चालत असे हें आपण महजरावरील साक्षींवरून ठरवितों. आजच्या नगरकारभारांत कोणाच्या मताचें वजन किती, हें पुढील अभ्यासकांस या कागदांवरूनच ठरवावें लागेल. उदाहरणादाखल आम्हीं ठाणें व कल्याण-डोंबिवली यांच्या शिवेवरील दिवा हें ठिकाण घेतों.

दिवा ठाणें महानगरपालिकेंत मोडतें; डोंबिवलीकडे जातांना पुढचें स्थानक कोपर, तें कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत. सन २०१२ सालीं ठाण्यांत ६५ प्रभागांतून प्रत्येकीं दोन याप्रमाणें १३० नगरसेवक निवडले गेले. २०१७ सालीं प्रभाग ३३ झाले. पैकीं ३२ चौसदस्य व एक त्रिसदस्य, मिळून जागा १३१. मध्यंतरीं २०१५ सालीं कल्याण-डोंबिवलींत मात्र १२२ प्रभाग एकसदस्य होते. म्हणजे पांच वर्षांच्या आंत, एका स्थानकाच्या अंतरावर, कोणास एक मत, कोणास दोन, तर कोणास चार.

बहुसदस्य मतदारसंघ ही नवी कल्पना नव्हे. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई प्रांतांत ज्या निवडणुका झाल्या, त्यांत अशा मतदारसंघांतील मतदारास जितक्या जागा तितकीं मतें असत, व तीं सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यांत टाकण्याची मुभा असे. संख्येनें थोड्या परंतु एकदिलाच्या वर्गास यायोगें एक तरी जागा राखतां येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षीं मुंबईंतून याच पद्धतीनें निवडून आले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकींत द्विसदस्य मतदारसंघांतून मतें दोन राहिलीं, परंतु दोन्ही एकास देण्याची मुभा गेली. मुंबई उत्तर भागांतील अशाच मतदारसंघांत राखीव जागा नारायण काजरोळकर यांस मिळाली व डॉ. आंबेडकर पराभूत झाले. त्या पराभवाचें कारण केवळ हा नियमच होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मतदारसंघाचें नांव तेंच राहून मताचें बळ पालटतें, हें मात्र स्पष्ट होतें. लोकसभा व विधानसभा यांचे द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें बंद झाले.

आजच्या प्रभागांत अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या मोजल्या जातात. प्रत्येक जागेस एक मत. या पद्धतीचा गुण असा कीं एकाच प्रभागांतून स्त्रिया, मागासवर्गीय व सर्वसाधारण असे निरनिराळे प्रतिनिधि येऊं शकतात. दोष असा कीं सर्वांत मोठा परंतु निम्म्याहून कमी मतांचा पक्ष चारही जागा घेऊं शकतो, आणि तुंबलेल्या गटाराचा जाब चौघांपैकीं कोणास विचारावा हें नागरिकास कळत नाहीं. एकसदस्य प्रभागांत जबाबदार कोण हें स्पष्ट असतें. परंतु आरक्षण फिरलें कीं चांगल्या नगरसेवकासही आपला प्रभाग सोडावा लागतो.

आमच्या मतें याहून मोठा दोष अस्थैर्याचा आहे. नियम वरचेवर बदलला तर त्याचे गुणदोष अनुभवानें ताडून पाहण्यास अवकाशच उरत नाहीं. वेळेचीही तीच गत. नगरपालिकेची मुदत पांच वर्षांची व ती संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी, असें संविधानाचें २४३-यू हें कलम सांगतें. तरीही कल्याण-डोंबिवलींत २०२० पासून व ठाण्यांत २०२२ पासून प्रशासक बसले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत होता. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजीं दोन्हीकडे मतदान झालें, तेंही बहुसदस्य प्रभागांतून.

प्रभागरचना बदलली कीं मागचे नकाशे, याद्या व उमेदवारांचीं पत्रकें रद्दींत जातात. संग्राहकांनीं हे कागद सालवार राखावे, व शक्य तेथें शिवेच्या दोन्ही बाजूंचे एकत्र ठेवावे. त्यांवांचून दिव्यांतील मत व कोपरांतील मत यांची तुलना उद्यां कोणासही करतां येणार नाहीं.