अंगणवाडीतलं अंगण कुठं गेलं?

मागच्या हिवाळ्यात घाटाखालच्या एका गावाजवळच्या वीटभट्टीवर गेलो होतो. बातमी वेगळीच होती, मजुरांच्या उचलीची. पण लक्ष गेलं सात-आठ वर्षांच्या एका मुलीकडे. कडेवर तान्हा भाऊ, पायाशी दुसरा, तीनेक वर्षांचा. आईबाप विटा थापत होते. कुटुंब मेळघाटातलं, कोरकू. दिवाळी झाली की डोंगर उतरायचा अन् होळीला परत जायचं, हा त्यांचा दरवर्षीचा क्रम.

भट्टीपासून अंगणवाडी जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. आईला विचारलं, पोरं जातात का तिकडे? ती नुसती हसली. शेजारच्या गड्यानं सांगितलं, "एक दिवस पाठवलं होतं साहेब, रडत वापस आलं."

सेविकाताईंना भेटलो. त्या चिडल्या नाहीत, उलट मोकळं बोलल्या. "भाऊ, मी कोणाले नाही म्हणत नाही. पण ते पोट्टे बोलतच नाहीत ना. अन् होळीले निघून जातात. मंग नाव कुठं लिहू, वजन कोणत्या रजिस्टरमध्ये टाकू?"

दोष कोणाला द्यायचा? ताईंना मला तरी देता येत नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अंगणवाडी नावाची चीज जन्मालाच आली ती अशा न येणाऱ्या मुलांसाठी. हा इतिहास आपण विसरलो, म्हणून आज लिहितोय.

गोष्ट १९४५ सालची. ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिलेल्या, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम केलं, मग मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं. नाव झालं होतं. तरीही शहरातल्या बालमंदिरात गरिबाचं मूल येत नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती. म्हणून त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. बालपणीच लग्न अन् बालपणीच वैधव्य आलेली, जिद्दीनं शिकलेली ही शिक्षिका.

बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली. पण वाड्या-पाड्यावरची पोरं तिकडे फिरकेनात. आता आपण काय म्हटलं असतं? "यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." ताराबाई तसं म्हणाल्या नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, असं त्यांनी ठरवलं. झोपडीसमोरच्या सारवलेल्या अंगणातच बालवाडी भरू लागली. पोरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची. खेळणी कसली? शंख-शिंपले, बिया, पानं, दगड. म्हणजे जे त्या मुलाच्या हाताला आधीच ओळखीचं आहे तेच. आई दारातून बघायची. आज बघितलं, उद्या जवळ आली, परवा बसली. या अंगणातल्या बालवाडीतूनच "अंगणवाडी" हा शब्द रूढ झाला.

१९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली मुलं. मोठी पोरं गुरं राखायला जातात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा, जिथं गुरं तिथं शाळा. आणि मुली घरी लहान भावंडं सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्रच. "विकासवाडी" म्हणायचे त्याला. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. भट्टीवरची ती कडेवर भाऊ घेतलेली मुलगी आठवा. तिच्या प्रश्नाचं उत्तर साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच शोधून ठेवलेलं आहे.

असंच काहीसं १९६९ मध्ये दिल्लीत घडलं. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम राजघाटाजवळ चाललं होतं. मजूर बायांची तान्ही पोरं तिथंच धुळीत पडलेली. मीरा महादेवन यांनी ते पाहिलं आणि साइटवरच पाळणाघर उभं केलं. त्यातून "मोबाइल क्रेशेस" ही संस्था झाली. पुढे हे काम मुंबई-पुण्यातही आलं. बांधकाम हललं की पाळणाघरही हलायचं.

आता सरकारी बाजू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात फक्त ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला दोन प्रकल्प आले. एक मुंबईतली धारावी, दुसरा मेळघाटातली धारणी. धारावी म्हणजे पोटासाठी शहरात आलेल्यांची वस्ती. धारणी म्हणजे आज आपल्या भट्ट्यांवर येणाऱ्या कोरकूंचा तालुका. योजनेचा पहिला मानकरी जो, तोच आज आपल्या गावात आला की रजिस्टरच्या बाहेर!

कायद्यात अडचण आहे का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं, वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. मूल मूळचं कुठलं, ही अट त्यात नाही. पोषण ट्रॅकरवर स्थलांतरित मुलाची नोंद करता येते. राज्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी वेगळी प्रणालीही आणली. कागद तयार आहे, दार अर्धवट उघडं आहे. पण उंबऱ्यावर "ये बाळा" म्हणणारं कोणी नाही.

भाषेचं म्हणाल तर तो अडथळा खरा आहे. कोरकू ही मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं, मुंडारी. पाण्याला त्यांच्यात "डा" म्हणतात. तीन वर्षांचं पोर दिवसभर "डा" म्हणत राहिलं आणि कोणालाच कळलं नाही, तर ते रडत परत येणारच. पण यासाठी दुभाषी नेमायची गरज नाही. पहिले आठ दिवस आईला किंवा आजीला सोबत बसू द्या. दहा-वीस शब्द ताईंनी लिहून घ्यावेत. एक कोरकू गाणं त्या आजीकडून आपल्या पोरांनीही शिकावं. भट्टीमालकानं आठवड्यातून दोन दिवस एक तास आईला सोडलं तर त्याच्या विटा काही कमी होत नाहीत. ग्रामपंचायतीने हंगामाच्या सुरुवातीला भट्टीवर जाऊन सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करावी, म्हणजे आहारही तेवढा मागवता येईल आणि एकट्या ताईंवर भार पडणार नाही.

कोणी म्हणेल, बाहेरच्यांसाठी इतकं कशाला? मंडळी, आपणही कुठंतरी बाहेरचेच आहोत. लोणार, मेहकर, सिंदखेडराजाकडची किती कुटुंबं पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलीत, कोणी ऊसतोडीला जातात. सुरतेच्या एखाद्या बालवाडीत आपलं वऱ्हाडी लेकरू "पानी दे" म्हणत कोपऱ्यात बसलं असेल. तिथल्या बाईनं त्याला जवळ घ्यावं असं आपल्याला वाटतं ना? मग आपल्या गावातल्या कोपऱ्यात बसलेल्या लेकरालाही तेच पाहिजे.

ताराबाईंनी अंगण शोधलं, सरकारने त्यावर इमारत बांधली. इमारत हवीच. पण इमारत झाली की अंगण संपतं, असं थोडंच आहे?

यंदा दिवाळीनंतर डोंगरावरून माणसं उतरतील, तेव्हा मी त्या भट्टीवर पुन्हा जाणार आहे. या वेळी उचलीची बातमी करायला नाही. ताईंनाही म्हटलंय, अर्धा तास काढा, सोबत चला. त्या "बघू भाऊ" म्हणाल्या. तुमच्या गावाजवळ भट्टी असेल तर तुम्हीही एक चक्कर मारा. पोरं मोजा, नावं विचारा. सुरुवात तेवढ्यानंच होते.