मराठी चित्रपट-दिग्दर्शकांची गुरुपरंपरा

मराठी चित्रपट-दिग्दर्शकांची गुरुपरंपरा : चित्रपटसंस्थेत उमेदवारी करून एका दिग्दर्शकाच्या हाताखाली दुसरा तयार होण्याची मराठी चित्रसृष्टीतील प्रथा, आणि तिच्यातून पिढ्यान् पिढ्या पुढे गेलेले कसब, विषय व दृष्टी. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई ही या परंपरेची ठाणी. विदर्भात तिचे ठाणे झाले नाही. विदर्भातला माणूस मात्र तिच्यात जाऊन दिग्दर्शक झाला आणि पुढे विदर्भातले विषयही पडद्यावर आले. एखाद्या दिग्दर्शकावर कोणाचा प्रभाव होता, हा प्रश्न मराठीत बहुतेक वेळा त्याने काय पाहिले यापेक्षा तो कोणाकडे राबला यावरून सुटतो.

आरंभी गुरू नव्हताच. धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी चित्रपट पाहिला आणि तसे कृष्णचरित्र पडद्यावर आणायचे मनात घेतले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पण त्यांची खरी तयारी आधीच झाली होती. जे. जे. कलाशाळेतील आणि बडोद्याच्या कलाभवनातील शिक्षण, छायाचित्रण, जादूचे प्रयोग आणि राजा रविवर्म्यांच्या शिळाछापखान्यातील काम हे सारे ‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३) या चित्रपटाच्या मागे आहे. फाळक्यांच्या देवदेवता रविवर्म्याच्या छापील चित्रांतून उठून चालू लागल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतील करामती पुढच्या सर्व पौराणिक चित्रपटांना वाट दाखवणाऱ्या ठरल्या. त्यांचा प्रभाव असा अफाट असूनही त्यांच्या तोलाचा दिग्दर्शक त्यांच्या कारखान्यातून निघाला नाही. शिष्यांची रांग लागली ती कोल्हापुरात.

बाबूराव पेंटर (कृष्णराव मिस्त्री, १८९०–१९५४) हे या परंपरेचे मूळपुरुष. नाटकांचे पडदे रंगवणारे हे कारागीर. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी चित्रपटाच्या यंत्रांचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये ते वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कोल्हापुरातच कॅमेरा जुळवून तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ‘सैरंध्री’ (१९२०) पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरवले. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक हबकले.

कंपनीतील शिक्षणाचा प्रकार तालमीसारखा होता. नवा मुलगा आला की झाडलोट, रंग घोटणे, फिल्म धुणे, सेट उभारणे, पडेल ते सोंग घेणे असे सगळे त्याच्या वाट्याला येई. बाबूराव बोलत कमी. दृश्य आधी कागदावर रेखाटत आणि मग तसे उभे करून घेत. चौकट कशी भरायची, प्रकाश कुठून घ्यायचा, हे शिष्य पाहून पाहून शिकले. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये तर त्यांनी देवांना आणि राजांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी घेतला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात जमीन गमावलेला कुणबी शहरात गिरणीकामगार होतो. झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात वर्षानुवर्षे राहिले. हा मूकपट आज उपलब्ध नाही. मराठी चित्रपटाचे याहून मोठे नुकसान दाखवता येणार नाही, असे या नोंदीचे मत आहे. त्यातला तरुण शेतकरी झाला होता कंपनीतलाच एक उमेदवार, शांताराम वणकुद्रे.

व्ही. शांताराम (१९०१–१९९०) आधी गंधर्व नाटक मंडळीत होते, मग १९२० च्या सुमारास बाबूरावांकडे आले. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कंपनी पुढे पुण्यास गेली. शांतारामांच्या चित्रपटांत तीन उसने धागे सहज ओळखू येतात : बाबूरावांची चित्रकाराची नजर, गंधर्व मंडळीतला संगीताचा आणि अभिनयाचा थाट, आणि जर्मनी. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्यासाठी ते जर्मनीस गेले. रंगाचा प्रयोग फसला, पण तिथल्या चित्रपटांतल्या सावल्या आणि तिरक्या चौकटी त्यांनी सोबत आणल्या. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूचा डोळा सगळा पडदा व्यापतो तो त्याच शिकवणीतून. मराठी आवृत्तीत हा राजगुरू केशवराव दाते यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी.

शांतारामांनी गुरूचे सर्वांत मोठे ऋण फेडले ते ‘कुंकू’ (१९३७) मध्ये. कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच (‘न पटणारी गोष्ट’) आणि रोखही ‘सावकारी पाश’चाच : जे आहे ते उघडे दाखवणे. जरठ-कुमारी विवाहाच्या या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, ग्रामोफोन, माणसांचे आवाज एवढ्यावर तो उभा आहे. ‘माणूस’ (१९३९) हा त्या काळी गाजत असलेल्या ‘देवदास’च्या हळवेपणाला दिलेला जबाब मानला जातो. ‘शेजारी’ (१९४१) नंतर शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल कलामंदिर उभे राहिले. राजकमलच्या काळात चित्रकाराची नजर पुष्कळदा नुसत्या रंगाच्या हौसेत वाहून गेली. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा ठळक अपवाद. त्याला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले.

‘पिंजरा’ (१९७२) हे परक्या प्रभावाच्या पचनाचे उत्तम उदाहरण. योझेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटातील प्राध्यापक गाणाऱ्या बाईपायी विदूषक होतो. शांतारामांचा मास्तर तमाशातल्या बाईपायी गाव सोडतो, गाव त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा उभारते आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. पुतळ्याची कल्पना जर्मन चित्रपटात नाही. महाराष्ट्राच्या गावोगावच्या पुतळ्यांकडे पाहिले तर ती कुठून आली हे सांगावे लागत नाही. चित्रपटाची कथा अनंत माने यांची, आणि मानेही प्रभातच्याच मुशीतले. त्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला.

प्रभातमध्ये दुसरीही एक वाट होती. दामले–फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये कॅमेऱ्याची चमक कुठेच पुढे येत नाही. तुकोबा आणि त्यांची आवली यांच्या संसारावर सारे लक्ष आहे. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. एकाच गुरूच्या, बाबूरावांच्या, शिष्यांनी त्यांच्या दोन वेगळ्या गोष्टी उचलल्या, असे म्हणता येईल. शांतारामांनी चौकट घेतली, दामले–फत्तेलाल यांनी साधेपणा. प्रभातच्या छायेत हिंदीचेही एक मोठे नाव वाढले : गुरुदत्त तिथे नृत्यदिग्दर्शक म्हणून लागले आणि विश्राम बेडेकरांचे साहाय्यक झाले.

कोल्हापुरात भालजी पेंढारकर (निधन १९९४) यांनी जयप्रभा स्टुडिओत स्वतःचे वेगळे घराणे चालवले. ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘साधी माणसं’ (१९६५) हे त्यांचे नामांकित चित्रपट. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ भस्मसात झाला, तरी त्यांनी तो पुन्हा उभा केला. दादा कोंडके पडद्यावर प्रथम आले ते भालजींच्याच ‘तांबडी माती’ (१९६९) मध्ये.

विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जोडी राजा परांजपे आणि राजदत्त यांची. राजा परांजपे (१९१०–१९७९) यांनी ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि सुधीर फडके यांचे संगीत यांच्या साथीने मध्यमवर्गीय मराठी घर पडद्यावर आणले. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२), म्हाताऱ्या आईवडिलांची ताटातूट सांगणारा ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०), ‘पाठलाग’ (१९६४) अशी त्यांची कामगिरी. ‘पाठलाग’वरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. विनोद आणि करुणा एकाच प्रसंगात नांदवणे ही त्यांची हातोटी होती, आणि गोष्ट कधीही रेंगाळू न देणे ही शिस्त.

राजदत्त म्हणजे दत्तात्रय अंबादास मायाळू. हे विदर्भातले, परांजप्यांचे साहाय्यक म्हणून घडले. स्वतंत्र दिग्दर्शनाचा पहिला चित्रपट ‘मधुचंद्र’ (१९६७). गोष्टीची पकड हे गुरूचे देणे त्यात लगेच दिसते. ‘घरची राणी’ (१९६८), ‘अपराध’ (१९६९), ‘धाकटी बहीण’ (१९७०) या चित्रपटांनी त्यांचे बस्तान बसवले. पुढे मात्र ते गुरूच्या दिवाणखान्यातून बाहेर पडले. ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) मध्ये त्यांनी वऱ्हाडच्या मातीतला माणूस घेतला : अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. डॉ. श्रीराम लागू यांनी खराटा हाती घेतलेला हा संत चमत्काराचा वास न लागू देता उभा केला, आणि संतपटात एवढी विवेकबुद्धी क्वचितच आढळते. ‘अष्टविनायक’ (१९७९) ने गल्ला भरला. अरविंद देशपांडे यांच्यासह केलेला ‘शापित’ (१९८२) आणि हुंड्यावरचा ‘पुढचं पाऊल’ (१९८६) यांनी सामाजिक विषयावरची त्यांची मांड दाखवली. ‘पुढचं पाऊल’ हे नाव गुरूंच्या १९५० मधील एका चित्रपटाचेही होते. २०२४ मध्ये राजदत्तांना पद्मभूषण मिळाले.

सत्तरच्या दशकात उमेदवारीची साखळी सैल झाली. स्टुडिओ मोडले, पगारी माणसे पांगली. ‘सामना’ (१९७५), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) करणारे डॉ. जब्बार पटेल कोणत्याही स्टुडिओत राबले नव्हते. ते पुण्याच्या प्रायोगिक नाटकातून आले आणि विजय तेंडुलकरांच्या लेखनाचा धागा घेऊन आले. सुमित्रा भावे समाजकार्याच्या अभ्यासातून आल्या. ‘बाई’ (१९८५) पासून ‘कासव’ (२०१६) पर्यंतचे त्यांचे सुनील सुकथनकरांसोबतचे काम माणसे ऐकून घेण्यावर उभे आहे. प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये शासकीय फिल्म इन्स्टिट्यूट आले. पूर्वी पगारावर जे मिळे ते आता प्रवेशपरीक्षेवर मिळू लागले. ‘वळू’ (२००८), ‘विहीर’ (२००९) आणि ‘देऊळ’ (२०११) चे उमेश कुलकर्णी या संस्थेतले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आधी कवी. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) वर कोणत्याही घराण्याचा शिक्का नाही. ‘सैराट’चे छायाचित्रकार सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी पुढच्याच वर्षी ‘नाळ’ दिग्दर्शित केला, म्हणजे नवी साखळी तिथून सुरू झाली. चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’ (२०१४) नंतर मेक्सिकोच्या आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’च्या चित्रीकरणाला हजेरी लावून शिष्यत्व केले, आणि नंतर ‘द डिसायपल’ (२०२०) केला तो गुरू-शिष्य या विषयावरच.

विदर्भ या इतिहासात बाजूला का पडला, याचे एक कारण व्यापाराचे आहे. चित्रपट-वितरणात विदर्भ मुंबई सर्किटमध्ये नसून ‘सी. पी. बेरार’ या जुन्या नावाच्या सर्किटमध्ये मोडतो आणि तिथला धंदा हिंदी चित्रपटांवर चालत आला. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीसारख्या शहरात होत्या, पण निर्मितीचा एकही स्टुडिओ नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, आर्णी, केळापूर अशा कपाशीच्या तालुक्यांतला तरुण दिग्दर्शक व्हायचा म्हटला की सहाशे-सातशे किलोमीटर दूर जाणे आलेच. राजदत्तांनाही ते चुकले नाही.

विषय मात्र इथूनच गेले. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातल्या कपाशीच्या गावात घडतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका (सोनाली कुलकर्णी) आपला नवरा किसना (गिरीश कुलकर्णी) तसे काही करील या धास्तीने सासू आणि मुलाला त्याच्या पाळतीवर ठेवते. बियाणे, पाऊस, सावकार यांच्या चक्रात अडकलेल्या किसनाला घरच्यांच्या या पाळतीचा उलगडाच होत नाही. या धास्तीतून चित्रपट हसवतो, आणि तेच त्याचे बळ. ‘सावकारी पाश’ला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. कर्जदार शेतकऱ्याच्या दोन चित्रपटांची तुलना करायची तर एक गोष्ट नोंदवावी लागते : १९२५ चा शेतकरी शहरात पळून तरी जातो, २००९ च्या किसनाला तीही वाट सुचत नाही. नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलवरचा मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हिंदीत असला तरी त्यातली बोली नागपूरची आहे, आणि ‘नाळ’मधला मुलगा चैत्याही वैदर्भीच बोलतो.

मुंबईत गोरेगावला आणि कोल्हापुरात शासनाची चित्रनगरी आहे. विदर्भात ती अद्याप उभी राहिलेली नाही.