स्तुति आणि साक्ष

कलावंतानें राजसत्तेची स्तुति केली म्हणजे त्याची कला खोटी ठरते काय? ह्या प्रश्नाचें नेहमींचें उदाहरण जर्मनीचें. लेनी रीफेनश्टाल हिनें १९३४ च्या नाझी मेळाव्याचा चित्रपट केला. पुढें तिच्याच दप्तरांतून निघालेल्या २०२४ च्या माहितीपटानें तिची झडती घेतली. परंतु एवढ्या दूर जाण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. मुंबईचे एस. सुखदेव (१९३३-१९७९) आपल्या घरचेच आहेत.

प्रथम साधनाचा विचार करूं. महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, इंग्रज सरकारनें प्रत्येक चित्रगृहास मुख्य खेळाबरोबर सरकारमान्य पट दाखविण्याची सक्ति केली. स्वराज्य आलें, पण ही सक्ति पुन्हां आली. १९४८ सालीं मुंबईस फिल्म्स डिव्हिजन निघालें. मुंबईचा धनिक असो वा बीड जिल्ह्यांतील चकलांब्याचा शेतकरी असो, चित्रगृहांत करमणुकीसाठीं पैसे मोजणारास आधीं सरकारचें म्हणणें ऐकावें लागे. सत्तेस इतका आयता श्रोता दुसरा कोठें मिळावा?

पॉल झिल्स ह्या जर्मन दिग्दर्शकाच्या हाताखालीं शिकलेल्या सुखदेव ह्यांनीं ह्याच संस्थेसाठीं 'इंडिया ६७' केला. त्यांत निवेदकाचा आवाज नाहीं. देशाचें वैभव व दैन्य शेजारीं शेजारीं ठेवून निवाडा प्रेक्षकावर सोपविला आहे. सरकारच्या पैशानें इतकें मोकळें काम होऊं शकतें, हें त्यांनीं दाखविलें. त्याच हातांनीं १९७६ सालीं 'थंडर ऑफ फ्रीडम' हा आणीबाणीचें समर्थन करणारा पट केला.

त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती, असें कोणी म्हणेल. असेलही, परंतु आमच्या मतें प्रश्न प्रामाणिकपणाचा नाहीं. स्तुति करणें हा अपराध नव्हे. उत्तर देणारे तुरुंगांत आहेत, वृत्तपत्रांवर पहारा आहे, अशा वेळीं केलेली स्तुति मात्र वादांतील एक बाजू राहत नाहीं. ती त्या पहाऱ्याचाच एक भाग होते. जो कलावंत एकदां निवाडा प्रेक्षकावर सोपवूं शकला, त्यानें तो हक्क काढून घेणाऱ्यांची बाजू घ्यावी, हें आम्हांस अधिक दुःखद वाटतें.

त्यांच्या कन्या शबनम सुखदेव ह्यांनीं पुढें 'द लास्ट आद्यू' हा माहितीपट केला. वडिलांचे जुने पट आणि सहकाऱ्यांच्या आठवणी ह्यांतून त्या दुरावलेल्या पित्याचा शोध घेतात. कन्येस वकील होणें सोपें, न्यायाधीश होणें कठीण. इतिहासास मात्र ह्या दोघांहून साक्षीदाराची गरज अधिक असते.

२०२२ सालीं फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. संस्था गेली तरी तिचें दप्तर जपलें पाहिजे, आणि तें निवडून नव्हे. 'इंडिया ६७' ठेवून 'थंडर ऑफ फ्रीडम' दृष्टीआड केला तर सुखदेव ह्यांचें नांव राहील, पण आपणांस मिळावयाचा धडा नाहींसा होईल.